वर्कस्टेशनच्या १८ पिनी बोर्डाला साधा एटीएक्स एसएमपीएस: तयार अडॅप्टर लावावा की वायरिंग स्वतः करावे?

सातपूर_डिझाइन

नमस्कार. सातपूर औद्योगिक वसाहतीत साचे आणि फिक्स्चरचे डिझाइन करणारे आमचे छोटे कार्यालय आहे. कॅडसाठी आम्ही एका परदेशी कंपनीचे वापरलेले वर्कस्टेशन घेतले असून त्यात १४० वॅटचा एक झिऑन प्रोसेसर, ६४ जीबी ईसीसी मेमरी आणि ६ पिनी जोडाचे ग्राफिक्स कार्ड आहे. त्याचा मूळ एसएमपीएस (मेनच्या विजेपासून संगणकाला लागणारे दाब तयार करणारा खोका) आता लोड आला की बंद पडतो. तसा एसएमपीएस नाशिकमध्ये मिळाला नाही, आणि बाहेरून मागवायचा तर वापरलेल्या नगाचीच किंमत आम्ही अख्ख्या यंत्रासाठी मोजलेल्या रकमेच्या निम्म्यावर जाते.

बोर्डावर १८ पिनी मुख्य जोड आणि प्रोसेसरसाठी वेगळा ८ पिनी जोड आहे. जुन्या एसएमपीएसच्या लेबलवर +१२ व्होल्टच्या अनेक रेल (पुरवठ्याच्या वेगवेगळ्या वाहिन्या), −१२ व्होल्ट आणि १.२ अँपिअरचा +१२ व्होल्ट स्टँडबाय (यंत्र बंद असतानाही चालू राहणारा पुरवठा) एवढेच छापलेले आहे, ३.३ आणि ५ व्होल्टचा उल्लेखच नाही. आमच्याकडे ६५० वॅटचा चांगला एटीएक्स (साध्या डेस्कटॉपच्या मानकाचा) एसएमपीएस पडून आहे आणि ऑनलाइन २४ पिनीवरून १८ पिनीवर नेणारे अडॅप्टर मिळतात. ते लावून चालेल का? नसल्यास वायरिंग करण्यापूर्वी काय काय तपासावे, हे कृपया सविस्तर सांगावे.

अंबड_पॅनेल_वायरिंग

नमस्कार. लेबलवर ३.३ आणि ५ व्होल्ट नाहीत, याचा अर्थ बोर्ड हे दोन्ही दाब १२ व्होल्टपासून स्वतःच तयार करतो. इंटेलने नंतर एटीएक्स१२व्हीओ नावाने जी पद्धत मांडली तिच्या मुळाशी हाच विचार आहे, पण मोठ्या कंपन्यांच्या वर्कस्टेशनमध्ये ती त्याआधीपासून होती. त्यामुळे काम अवघड वाटते तितके नाही. मात्र त्यात दोन अडचणी आहेत आणि बहुतेक तयार अडॅप्टरमध्ये निदान एकीकडे तरी दुर्लक्ष झालेले असते.

पहिली अडचण स्टँडबायची. एटीएक्सच्या ९ क्रमांकाच्या पिनवर, म्हणजे जांभळ्या वायरवर, ५ व्होल्ट स्टँडबाय असतो आणि आपल्या बोर्डाला १२ हवा आहे. अडॅप्टरमध्ये बूस्ट मॉड्यूल (५ व्होल्टचे १२ करणारे सर्किट) नसेल तर बोर्ड बटण दाबल्यावर जागाच होणार नाही. मॉड्यूल असले तरी हिशेब करून पाहावा. लेबलप्रमाणे १२ व्होल्टवर १.२ अँपिअर म्हणजे १४.४ वॅट होतात, आणि बूस्टची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर ५ व्होल्टच्या बाजूने सुमारे ३.२ अँपिअर लागतात. बहुतेक एटीएक्स एसएमपीएस तिथे २.५ ते ३ अँपिअरच देतात. प्रत्यक्षात बोर्ड एवढा करंट क्वचितच घेतो, पण ऐन कामात स्टँडबाय कोसळला तर यंत्र त्या क्षणी बंद पडते, म्हणून मी या जागी काटकसर करणार नाही. माझ्या मते १२ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगल्या प्रतीचा स्वतंत्र अडॅप्टर स्टँडबायसाठी वापरावा, त्याचा ऋण टोक एटीएक्सच्या ग्राउंडला जोडावा आणि दोन्हींना २३० व्होल्टचा पुरवठा एकाच स्विचमधून द्यावा.

दुसरी अडचण करंटची, आणि आग लागण्याची शक्यता असते ती इथेच. २४ पिनी जोडात १२ व्होल्टच्या फक्त दोन पिना असतात, १० आणि ११. बाकीचा भार ३.३ आणि ५ व्होल्टच्या वायरींनी उचलावा, अशी ती रचना आहे. आपला बोर्ड मात्र मेमरी, चिपसेट, पंखे, डिस्क आणि पीसीआय एक्सप्रेसचे सगळे स्लॉट १८ पिनी जोडातल्या १२ व्होल्टवरच चालवतो. एका ग्राफिक्स स्लॉटला १२ व्होल्टवर ५.५ अँपिअरपर्यंत करंट घेण्याची मुभा आहे. एवढे सगळे दोन वायरींवर लादणारा अडॅप्टर काही काळ चालेलही, पण जोड तापून प्लास्टिक पिवळे पडू लागेल. म्हणून १२ व्होल्ट एसएमपीएसच्या न वापरलेल्या पीसीआय एक्सप्रेस केबलवरून घ्यावा आणि प्रत्येक पिनवर ६ अँपिअरच्या आत राहावे. २४ पिनी जोडातून फक्त पीएस-ऑन (एसएमपीएस सुरू करण्याचा इशारा), पॉवर-गुड (दाब स्थिर झाल्याचा इशारा), −१२ आणि ग्राउंड घ्यावेत.

वायर १८ गेजची, म्हणजे सुमारे ०.८ चौरस मि.मी. तांब्याची असावी. ४.२ मि.मी. अंतराचे १८ पिनी हाउसिंग आणि टर्मिनल सुटे मिळतात, आणि टर्मिनल योग्य टूलनेच क्रिम्प करावेत, म्हणजे वायरवर दाबून बसवावेत. सोल्डर केलेली वायर सोल्डर संपते तिथे कडक होते आणि कंपनाने नेमकी तिथेच तुटते. पॅनेलच्या कामात आम्ही हे नेहमी पाहतो.

नाशिकरोड_दुरुस्ती

वरील उत्तर योग्य आहे. त्यात थोडी भर घालतो आणि एका मुद्द्यावर मतभेदही नोंदवतो.

पिनांचा क्रम वायरींच्या रंगावरून किंवा जोडाच्या आकारावरून कधीही ठरवू नये. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात डेलच्या अनेक संगणकांत जोड हुबेहूब एटीएक्सचा होता आणि पिनांचा क्रम मात्र निराळा होता. त्यात साधा एसएमपीएस लावणाऱ्यांचे बोर्ड जळले. आपल्या ८ पिनी जोडाबाबतही हीच खबरदारी घ्यावी. प्रोसेसरच्या मानक जोडात १ ते ४ ग्राउंड आणि ५ ते ८ वर १२ व्होल्ट असतात, तर ग्राफिक्सच्या ८ पिनी जोडात हे उलट असते. मॉड्युलर एसएमपीएसच्या केबलही एकमेकांच्या जागी लावू नयेत, कारण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणतेही मानक नाही.

शिवाय काही बोर्ड एसएमपीएसमधल्या पंख्याची गती याच जोडातून वाचतात आणि ती मिळाली नाही की सुरू होताना त्रुटी दाखवून थांबतात. आपल्या जोडात अशी पिन आहे का, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहावे. असल्यास खोक्यातल्या एखाद्या पंख्याची टॅकोमीटर (गती कळवणारी) वायर तिथे नेता येते.

मतभेद असा की, ज्या यंत्रावर ग्राहकाची मुदत अवलंबून आहे त्याला मी वापरलेला का होईना, पण मूळ एसएमपीएसच लावला असता. घरच्या यंत्रासाठी हे रूपांतर उत्तम आहे. कार्यालयात मात्र वायरिंग करणारा माणूस उद्या हाताशी नसेल, तर पुढच्या दुरुस्तीवाल्याला काहीच कळणार नाही.

सातपूर_डिझाइन

दोघांचेही मनापासून आभार. किंमत पाहता आम्ही रूपांतरच करणार आहोत, पण शेवटचा मुद्दा पटला; वायरिंगचा आराखडा छापून खोक्याच्या आतल्या बाजूला चिकटवू. पिना ओळखण्याची सुरक्षित पद्धत कोणती?

अंबड_पॅनेल_वायरिंग

एसएमपीएस उघडू नका. आतल्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टपेक्षा जास्त दाब बंद केल्यानंतरही राहू शकतो, आणि या कामासाठी उघडण्याची गरजही नाही.

आधी पुरवठा बंद ठेवून मल्टिमीटरच्या बझरने जुन्या एसएमपीएसच्या धातूच्या खोक्याशी जोडलेल्या पिना शोधा, ते ग्राउंड. बोर्ड न जोडता पुरवठा सुरू केल्यावर जिच्यावर लगेच १२ व्होल्ट दिसतील ती स्टँडबाय. जिच्यावर ३.३ ते ५ व्होल्ट दिसतील ती बहुधा पीएस-ऑन. मॅन्युअलशी पडताळून ती १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून ग्राउंडला जोडा. आपला एसएमपीएस लोडवर बंद पडतो, त्यामुळे बिनलोड तो सुरू राहील अशी आशा आहे. राहिला तर १२, −१२ आणि पॉवर-गुड सरळ मोजता येतील.

सातपूर_डिझाइन

तो बिनलोड सुरू राहिला. सगळ्या पिना मॅन्युअलशी जुळल्या आणि पंख्याच्या गतीची पिन या जोडात नाही. पॉवर-गुडवर मात्र ३.३ व्होल्ट मिळाले, आणि एटीएक्स तिथे ५ देतो. ती पिन स्टँडबायवरून रेझिस्टर लावून कायमची ३.३ वर ठेवली तर?

अंबड_पॅनेल_वायरिंग

तसे करू नका. एटीएक्स एसएमपीएस सगळे दाब स्थिर झाल्यावर १०० ते ५०० मिलिसेकंदांनी पॉवर-गुड देतो आणि वीज जाताना दाब घसरण्याआधी तो काढून घेतो. बोर्ड त्या इशाऱ्यावर रीसेट सोडतो, म्हणजे प्रोसेसरला काम सुरू करू देतो. एटीएक्सच्या राखाडी वायरपासून १० किलोओहम, त्यानंतर बोर्डाची पिन, आणि त्या पिनपासून ग्राउंडला २० किलोओहम लावा. ५ व्होल्टचे साधारण ३.३ होतील आणि वेळही एटीएक्सचीच राहील. पहिल्यांदा सुरू करताना ग्राफिक्स कार्ड काढून ठेवा. नंतर ते बसवून पूर्ण लोडवर अर्धा तास चालवा आणि १८ पिनी जोडाच्या मागच्या बाजूने १२ व्होल्ट मोजा, ११.४ च्या खाली गेले तर आणखी एक केबल समांतर घ्यावी लागेल.