निलगिरीची पानं असलेला जुना मातीचा जग : कोणाचा ते ओळखायला मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मेलबर्नला मरंबीनामध्ये राहते. इथल्या जुन्या स्टुडिओ पॉटरीचा, म्हणजे कलाकारांनी छोट्या कार्यशाळेत हाताने घडवलेल्या मातीच्या भांड्यांचा, नाद लागून दोन वर्षं झाली. गेल्या शनिवारी एका ऑप शॉपमधून (धर्मादाय संस्थेच्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून) वीतभर उंचीचा मातीचा जग आणला. त्याचा कान म्हणजे झाडाची फांदीच वाकवून बसवल्यासारखा आहे. तिच्या टोकाशी निलगिरीची तीन पानं आणि दोन बोंडं. हिरवी झिलई ओघळत येऊन खाली तपकिरीत मिसळते. एका पानाचा टवका उडालाय, तिथे आतली फिकट माती दिसते.

बुडावर ओल्या मातीत काडीने नाव कोरलंय, पण झिलई साचल्याने मधली दोनच अक्षरं लागतात. त्याखाली आकडा, तिरकी रेघ, पुन्हा आकडा.

माझ्या मनात पहिलं नाव आलं ते मेरिक बॉइडचं. ऑस्ट्रेलियन स्टुडिओ पॉटरीचा जनक म्हणतात तो माणूस आमच्याच उपनगरात राहायचा. 1926 साली त्याची पॉटरी, म्हणजे भांडी घडवण्याची कार्यशाळा, आगीत जळाली. मुलीला घेऊन मी रोज बॉइड पार्कात जाते, त्यामुळे हे भांडं त्याचं निघावं असं फार वाटतंय. पण वाटण्यावर जायचं नाही, म्हणून विचारतेय.

आणखी एक. माझ्या हातून चूक झाली आहे. डाग निघावेत म्हणून मी जग रात्रभर ब्लीचच्या पाण्यात ठेवला. आता वाळल्यावर, भिंतीला लोणा फुटावा तशी बुडाशी पांढरी भुकटी येतेय. टिचकी मारली तर बद्द वाजतो. काय करू? आणि तुटलेलं पान दुरुस्त करावं का?

प्रतिसाद १
आधी त्या पांढऱ्या भुकटीचं बघा. कमी आचेवर भाजलेली माती सच्छिद्र असते. ब्लीचमधले क्षार आत शिरतात आणि वाळताना स्फटिक होऊन झिलईला आतून ढकलतात. आता भुकटी नुसती पुसून भागणार नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, आठवडाभर तरी. मग सावलीत सावकाश वाळू द्या, उन्हात किंवा हीटरपाशी अजिबात नको. बद्द आवाजावरून बारीक तडा असू शकतो, माठ घेताना आपण वाजवून बघतो तेच इथेही. झिलई सुटायला लागली असेल, तर मात्र घरी काहीही न करता जतन-तज्ज्ञाकडे न्या.

त्यात ताक-सरबत ओतू नका. त्या काळच्या झिलईत शिसं असू शकतं, आणि आंबट पदार्थाने ते सुटतं. पान तसंच राहू द्या. रंग लावून जोडलेल्या पानापेक्षा प्रामाणिक टवका बरा.

प्रतिसाद २
मेरिक सहसा स्वतःचं नाव आणि साल कोरायचा. रेघ मारून दोन आकडे लिहायची पद्धत रेम्युएड या नावाच्या भांड्यांची, त्यातला पहिला आकडा भांड्याच्या घाटाचा. मेलबर्नच्याच प्रेस्टन उपनगरातली प्रीमियर पॉटरी तो माल काढायची, आधी पी.पी.पी. (प्रीमियर पॉटरी प्रेस्टन) अशी खूण असे. फांदीचा कान, पानं, बोंडं आणि ओघळती झिलई ही त्यांची ओळखच.

खात्री करायला बुडावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, किंवा अंधारात टॉर्च बाजूने धरा.

पुढे शोधताना बॉइड आडनावाने गोंधळू नका. ए.एम.बी. (आर्थर मेरिक बॉइड) ही खूण म्हणजे मेरिकचा मुलगा आर्थर आणि चित्रकार जॉन पर्सेव्हल यांची 1944 सालची मरंबीनातली पॉटरी. 'मार्टिन बॉइड' असं लिहिलेलं भांडं दुसरा मुलगा गाय याच्या सिडनीतल्या पॉटरीचं. मेरिकचा कादंबरीकार भाऊही मार्टिनच, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

मूळ धागाकर्ती
दोघांचेही मनापासून आभार! पेन्सिल घासली आणि एकेक अक्षर वर आलं : रेम्युएड, पुढे 146. मेरिक नाही म्हणून क्षणभर हिरमुसले, पण कागदावर ते नाव उमटताना बघून अंगावर काटा आला. पाण्याचा आज तिसरा दिवस, भुकटी कमी झालीय. आठवड्याने वाजवून बघते आणि इथेच कळवते.