टेक्सासनं अमेरिकेतून फुटून निघावं का?

ह्यूस्टनकर:
काल गॅस भरताना पुढच्या पिकअपवर 'सिसीड' असा स्टिकर दिसला. म्हणजे फुटून निघा. खाली नंबरप्लेट माजी सैनिकाची! वेगळं झाल्यावर ह्याचं पेन्शन कोण देणार, हे विचारायची हिंमत झाली नाही. दर निवडणुकीनंतर हे खूळ निघतं. हरलेले बदलतात, खूळ तेच. पण लाल (रिपब्लिकन) राज्यं, निळी (डेमोक्रॅट) राज्यं हा नकाशाच फसवा आहे. २०२० मध्ये ट्रम्पना सर्वांत जास्त मतं कुठे पडली? कॅलिफोर्नियात, ६० लाख. आणि बायडनना आमच्या टेक्सासात ५२ लाखांवर. ह्यांना कुठे धाडणार?

सडेतोड_नाना:
कशाला धाडायचं? हरलेले आत्ताही तिथेच राहतात ना? टेक्सास १८३६ ते १८४५ स्वतंत्र देश होता. आपल्या मर्जीनं आला, तर मर्जीनं जाताही यावं. चेक आणि स्लोव्हाक १९९३ ला वेगळे झाले, मालमत्ता दोनास एक वाटून घेतली, एक गोळी सुटली नाही. रोजच्या भांडणापेक्षा वेगळी चूल बरी.

ह्यूस्टनकर:
नाना, ती चूल १८६१ ला मांडून झाली. कशासाठी, तर गुलामगिरी टिकवायला. टेक्सासच्या जाहीरनाम्यात तसं स्वच्छ लिहिलंय. ज्याच्या नावानं आमचं शहर, तो सॅम ह्यूस्टन तेव्हा गव्हर्नर होता. फुटलेल्या राज्यांच्या नव्या सरकारच्या निष्ठेची शपथ घेईना, म्हणून त्याला घरी बसवलं. यादवी युद्धात फुटलेली राज्यं हरली, आणि पुढे १८६९ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, एकतर्फी बाहेर पडता येत नाही.

सडेतोड_नाना:
युद्ध जिंकलेल्यांचं कोर्ट, दुसरं काय सांगणार! लोकांना विचारा की. स्कॉटलंडला २०१४ मध्ये विचारलं, ५५ टक्के नको म्हणाले.

माडाखाली:
नाना, चेक-स्लोव्हाकांत लोकांना विचारलंच नव्हतं हो, नेत्यांनीच ठरवलं. :)
विचारावं हे मात्र पटतं. गोव्यात १९६७ ला विचारलं होतं: महाराष्ट्रात जायचं की केंद्रशासित राहायचं. आजोबांनी फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात जाण्यावर शिक्का मारला, आजीनं दोन पानांवर, म्हणजे वेगळं राहण्यावर. त्या दिवशी आजोबा जेवले नाहीत म्हणे. गोवा वेगळा राहिला, ३४ हजारांच्या फरकानं. अर्थात ते देशातल्या देशात होतं.

विदर्भवाला:
आता कोणी वेगळ्या विदर्भाचं काढेल, त्याआधीच सांगतो: राज्य मागणं म्हणजे देश सोडणं नव्हे. चालू द्या.

कावेरी:
कॅनडातल्या क्युबेक प्रांताचं बघा. १९९५ ला वेगळं व्हायचं का विचारलं, 'नको' ५०.५८ टक्के. उलटं लागलं असतं तर ५४ हजार मतांवर कॅनडा फुटायला निघाला असता. नंतर त्यांच्या सुप्रीम कोर्टानं म्हटलं, प्रश्न स्पष्ट हवा, बहुमत स्पष्ट हवं, मग वाटाघाटी. स्पष्ट म्हणजे किती, ते नाही सांगितलं.

ह्यूस्टनकर:
दोन तृतीयांश धरा.

सडेतोड_नाना:
म्हणजे कधीच नाही, असं सरळ म्हणा ना!