एसएमपीएस-मदरबोर्डवर खर्च करावा की तोच पैसा ग्राफिक कार्डात घालावा?

तांब्याची_तार (धागाकर्ता)

नवा डेस्कटॉप असेंबल करायचा म्हटलं की यादी ग्राफिक कार्डापासून सुरू होते. मग प्रोसेसर, मग रॅम. एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), मदरबोर्ड आणि कॅबिनेटच्या वाट्याला उरलेसुरले पैसे येतात. माझं म्हणणं, यादी उलटी लिहा. कार्ड तीन-चार वर्षांत बदललं जातं. चांगल्या एसएमपीएसला 10 वर्षांची वॉरंटी मिळते, म्हणजे तो दोन-तीन कार्डं सहज बघतो. आणि बोर्डाचं म्हणाल तर एएमडीचा एएम4 सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा) आठवा. 2017 साली पहिल्या रायझन प्रोसेसरबरोबर घेतलेल्या कित्येक बोर्डांवर फक्त बायोस (मशीन सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर) अपडेट करून 2022 चा 5800एक्स3डी प्रोसेसर बसला. बोर्ड तोच, रॅम तीच, आणि गेमिंगमध्ये मशीन जवळपास नवं. ज्यांनी तेव्हा सगळ्यात स्वस्त बोर्ड उचलला, त्यातल्या काहींना हे जमलं नाही.

रविवारचा_गेमर

एएम4 चं उदाहरण प्रत्येक धाग्यात येतं, कारण दुसरं उदाहरणच नाही. इंटेलकडे बघा. 2017 मध्ये आठवी पिढी आली, सॉकेटचं नाव तेच एलजीए1151, पण सहाव्या-सातव्या पिढीच्या बोर्डांवर ती अधिकृतपणे चालत नव्हती. एलजीए1700 वर बारावी, तेरावी, चौदावी पिढी निघाली आणि 2024 मध्ये एलजीए1851 आला. एएमडीनेही पुढच्या एएम5 सॉकेटवर जुन्या डीडीआर4 रॅमला दारच बंद केलं, म्हणजे तिथे जाताना बोर्डाबरोबर रॅमही गेली. मग 'पुढे उपयोगी पडेल' म्हणून आज जादा पैसे कशाच्या भरवशावर भरायचे?

दुसरं, महागड्या बोर्डाने फ्रेम (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढत नाहीत. प्रोसेसरला लागणारी वीज बोर्डाचं व्हीआरएम (प्रोसेसरला वीज देणारा भाग) न तापता पुरवत असेल, तर मधल्या दर्जाच्या चिपसेटचा (बोर्डावरच्या जोडण्या सांभाळणारी चिप) बोर्ड आणि सर्वात वरचा बोर्ड गेममध्ये सारखेच. 4के रिझोल्यूशनवर खेळणार असाल तर भार जवळजवळ सगळा कार्डावर असतो. पैसा तिथेच गेला पाहिजे.

शून्य_एफपीएस

बोर्डावर लाइटिंग असेल तर दहा फ्रेम जास्त मिळतात, हे कुणी लिहिलं कसं नाही अजून?

तांब्याची_तार

महाग बोर्ड घ्या असं मी कुठेही म्हटलेलं नाही. बोर्डात तीन गोष्टी बघाव्यात: व्हीआरएमवर धड हीटसिंक, किमान दोन एम.2 स्लॉट (एसएसडी लावायच्या खाचा), आणि बायोस फ्लॅशबॅक. शेवटची सोय लोक विसरतात. बोर्डाचा बायोस जुना आणि प्रोसेसर नवा असेल तर मशीन सुरूच होत नाही. फ्लॅशबॅक असेल तर प्रोसेसर न लावता पेन ड्राइव्हवरून बायोस चढवता येतो. बाकी चिलखतासारखी पत्र्याची आवरणं, वायफायचे अँटेना, लाइटिंग, हे तुमच्या हौसेवर.

बायोस किती महत्त्वाचा, ते इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीने दाखवलंच. काही डेस्कटॉप प्रोसेसर जास्त व्होल्टेजमुळे अस्थिर होऊ लागले, ऑगस्ट 2024 मध्ये 0एक्स129 हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या कामाची दुरुस्ती) बायोस अपडेटमधूनच द्यावा लागला आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली गेली. ज्या बोर्डाला कंपनी अपडेट देत राहते, तो बोर्ड घ्यावा. ते चिपसेटच्या नावावरून कळत नाही. सपोर्टच्या पानावर शेवटची तारीख बघावी लागते.

रविवारचा_गेमर

बोर्डाचं पटलं. एसएमपीएसचं नाही. गोल्डचा शिक्का बघून लोक पैसे मोजतात, पण 80 प्लस (ब्राँझ, गोल्ड असे शिक्के देणारी चाचणी) फक्त कार्यक्षमता मोजतं. 115 व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ब्राँझला 85 टक्के आणि गोल्डला 90 टक्के लागतात. मशीन 400 वॅट ओढत असेल तर भिंतीतून एकीकडे साधारण 470 आणि दुसरीकडे 444 वॅट जातात. 26 वॅटसाठी एवढा आटापिटा?

तांब्याची_तार

शिक्क्याबद्दल आपलं एकमत आहे. मी पैसे 26 वॅटसाठी मोजत नाही, आतल्या संरक्षणासाठी मोजतो. जास्त करंट, जास्त व्होल्टेज, जास्त तापमान झालं की एसएमपीएसने स्वतः बंद पडायला हवं, बोर्ड आणि कार्ड बरोबर घेऊन जायला नको. आताची कार्डं क्षणभर नेहमीपेक्षा खूप जास्त वीज ओढतात. म्हणून 2022 च्या एटीएक्स 3.0 या एसएमपीएसच्या मानकामध्ये, मोठ्या एसएमपीएसने 100 मायक्रोसेकंदांपुरता दुप्पट भार झेलावा अशी अट घातली. तुमचं ते 4के वालं कार्ड स्वस्त एसएमपीएसवर लावून गेम ऐन रंगात आला की मशीन रीस्टार्ट होईल, आणि तुम्ही ड्रायव्हरला शिव्या देत बसाल.

रेंडर_चालू_आहे

तुम्ही दोघंही फक्त गेमचं बोलताय. मी व्हिडिओ एडिटिंग करते, माझं मशीन रॅम आणि एसएसडीवर अडतं. डीडीआर5 च्या चार कांड्या लावल्या की बहुतेक बोर्ड वेग खाली आणतात, म्हणून 64 जीबी हवी असेल तर सुरुवातीलाच 32 च्या दोन घ्याव्यात. 'आता दोन, पुढे आणखी दोन' हा बेत डीडीआर4 मध्ये बरा चालायचा. एसएसडीत खोक्यावरचे सेकंदाला 7000 एमबी बघून भुलू नका. स्वस्त क्यूएलसी (एका पेशीत जास्त डेटा कोंबणाऱ्या) ड्राइव्हवर मोठं फुटेज टाकताना कॅश (तात्पुरती वेगवान जागा) भरली की वेग धाडकन कोसळतो. टीएलसी (पेशीत त्याहून कमी डेटा ठेवणारा) आणि स्वतःची डीरॅम मेमरी असलेला घ्या, पीसीआयई (कार्ड आणि एसएसडी बोर्डाला जोडणारा मार्ग) 3.0 चा असला तरी चालेल.

रविवारचा_गेमर

पीसीआयई 3.0 सगळीकडे चालत नाही मात्र. 2022 चं आरएक्स 6500 एक्सटी कार्ड या मार्गाच्या फक्त चार लेन (वाटा) वापरतं. जुन्या 3.0 बोर्डावर ते कित्येक गेममध्ये चांगलंच मागे पडतं.

तांब्याची_तार

म्हणजे बोर्डामुळे कार्डाचे पैसे वाया गेले. हेच मी पहिल्या पोस्टपासून सांगतोय.

रविवारचा_गेमर

नाही, चार लेनचं कार्ड काढणाऱ्यामुळे वाया गेले. आठ किंवा सोळा लेनचं कार्ड त्याच बोर्डावर मजेत चालतं. दोष कार्ड निवडण्यात आहे, म्हणजे पुन्हा कार्डाकडेच जास्त लक्ष द्यायला हवं!

नवशिक्या_07

जुना मॉड्युलर एसएमपीएस काढून दुसऱ्या कंपनीचा लावतोय. केबल आधीच छान बांधलेल्या आहेत, त्या तशाच ठेवल्या तर चालेल का?

तांब्याची_तार

अजिबात नाही. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचा क्रम कंपनीगणिक बदलतो, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही. प्लग बसतो, पण भलत्या पिनेवर 12 व्होल्ट गेले की हार्ड डिस्क किंवा एसएसडी जागीच जळते. नव्या खोक्यातल्याच केबल लावा.

रविवारचा_गेमर

याला +1. बांधाबांध पुन्हा करावी लागेल.