सारायेव्होत ‘चीजचा बुरेक’ का मिळत नाही? आणि पारी हाताने कशी ताणावी?

प्रश्न

गेल्या वर्षी सारायेव्होच्या बाश्चार्शिया या जुन्या बाजारपेठेत मी एका दुकानात ‘चीजचा बुरेक’ मागितला (बुरेक म्हणजे पातळ पारीत सारण गुंडाळून भाजलेला पदार्थ). गल्ल्यावरच्या गृहस्थांनी हसत, पण ठामपणे, ‘तशी वस्तू नाही, सिर्नित्सा आहे’ असे सांगितले आणि ताटलीत जे वाढले ते माझ्या समजुतीप्रमाणे मी मागितलेलेच होते. त्याआधी बेलग्रेडमध्ये मी हाच पदार्थ बुरेक याच नावाने खाल्ला होता. तेव्हा हा एका दुकानदाराचा हट्ट होता की बोस्नियातील सर्वमान्य रीत?

दुसरी शंका कृतीची आहे. घरी दोनदा लाटण्याने पारी लाटून पाहिली. दोन्ही वेळा ती जाड राहिली, भाजल्यावर चिवट झाली आणि पालक-चीजच्या सारणाने तळ ओला राहिला. कोठे चुकत असावे?

उत्तर १

हट्ट म्हणावा तर तो अख्ख्या देशाचा आहे. बोस्नियात बुरेक म्हणजे केवळ मांसाचा. बाकी सगळ्यांना मिळून ‘पिता’ म्हणतात. (वडिलांशी घोटाळा नको म्हणून मी पुढे ‘पिटा’ लिहितो, अरबी पद्धतीच्या त्या नावाच्या रोटीशीही याचा संबंध जोडू नये.) प्रत्येक पिट्याचे नाव सारणावरून पडलेले आहे: ‘सिर’ म्हणजे चीज, त्यावरून सिर्नित्सा, ‘झेल्ये’ म्हणजे पालेभाजी, त्यावरून झेल्यानित्सा, ‘क्रोम्पिर’ म्हणजे बटाटा, त्यावरून क्रोम्पिरुशा.

बुरेक हा शब्द तुर्की ‘ब्योरेक’वरून आला. १४६३ मध्ये बोस्निया उस्मानी सत्तेखाली गेला आणि १८७८ पर्यंत राहिला, त्या काळाचा हा वारसा. गंमत अशी की खुद्द तुर्कीत या शब्दाला सारणाचे बंधन नाही. अर्थ आक्रसला तो बोस्नियात. सर्बिया, क्रोएशिया, स्लोव्हेनिया येथे चीजचा बुरेक सर्रास विकला जातो, आणि त्यावरून बोस्नियन लोक शेजाऱ्यांची थट्टा करायची संधी सोडत नाहीत. मात्र सर्व प्रकारचे पिटे विकणाऱ्या दुकानाला तेही ‘बुरेग्जिनित्सा’च म्हणतात, हे त्यांना कोणी विचारत नाही! बुरेक करणारा तो ‘बुरेग्जिया’. यातला ‘जिया’ म्हणजे आपल्या मशालची, तोपची या शब्दांतला तुर्की ‘ची’च.

उत्तर २

चूक लाटण्यावर भिस्त ठेवण्यात आहे. तेथे लाटणे (‘ओक्लागिया’ नावाची लांब, बारीक काठी) असते, पण ते सुरुवातीपुरते. खरे काम हातांचे. मैदा, मीठ, कोमट पाणी आणि थोडे तेल घालून कणीक सैलसर भिजवावी, कानाच्या पाळीसारखी मऊ होईपर्यंत तिंबावी आणि वरून तेल लावून निदान अर्धा तास झाकून ठेवावी. ही विश्रांती टाळली तर कणीक रबरासारखी मागे ओढली जाते, आणि तुमच्या चिवटपणाचे मूळ बहुधा येथेच आहे.

मग टेबलावर स्वच्छ चादर अंथरून तिच्यावर गोळा ताटाएवढा लाटावा व तेलाचा हात फिरवावा. अंगठ्या काढून ठेवाव्यात. दोन्ही हात पारीखाली घालून, बोटांची टोके न लावता, हाताच्या पालथ्या बाजूने मध्याकडून कडेकडे ती हळूहळू ओढत टेबलाभोवती फिरावे. चादरीची नक्षी आरपार दिसू लागली की ‘युफ्का’ तयार झाली. टेबलाच्या काठावरून लोंबणारी जाड किनार कापून टाकावी. मला तिचा लोभ सुटत नसे, आणि कच्चा राहणारा भाग नेमका तोच असे. एखादे भोक पडले तर दुर्लक्ष करावे, गुंडाळताना ते झाकले जाते.

पारी पाच-दहा मिनिटे सुकू द्यावी, तेल शिंपडावे, कडेला सारणाची ओळ घालावी आणि चादरच उचलून वळकटी पुढे लोटावी. ती वळकटी ‘तेप्सिया’ या गोल थाळ्यात मध्यापासून गोगलगाईच्या शंखासारखी फिरवत लावतात. पालक चिरून, मीठ लावून घट्ट पिळून घेतला की तळ ओला राहणार नाही.

प्रश्नकर्ता

चिवटपणाचे कारण पटले. मी कणीक मळून लगेच लाटत होतो. खऱ्या बुरेकसाठी खिमा आधी परतून घ्यावा का?

उत्तर ३

परतू नये. बारीक चिरलेले किंवा खिमा केलेले गोमांस, कांदा, मीठ आणि सढळ हाताने मिरपूड, हे सगळे कच्चेच भरतात. मांस पारीच्या आत स्वतःच्या रसात शिजते; आधी परतले तर भाजेपर्यंत ते कोरडे, भुरभुरीत होते. क्रोम्पिरुशेतही बटाटा उकडत नाहीत, कच्च्याच्या लहान फोडी घालतात.

उत्तर २ मध्ये भाजण्याचे राहिले. जुनी पद्धत ‘साच’ची: थाळ्यावर घुमटासारखे धातूचे झाकण ठेवून त्यावर निखारे व राख पसरतात, त्यामुळे वरूनही आच मिळते. आजही ‘साचाखालचा’ अशी पाटी लावणारी दुकाने आहेत आणि माझ्या मते तो फरक जिभेला कळतो. घरच्या ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशांवर, वरून चांगला तांबूस रंग येईपर्यंत भाजावे. बाहेर काढल्यावर थोडे गरम पाणी व लोणी शिंपडून कापडाने काही मिनिटे झाकावे, म्हणजे वरचा कडकपणा जरा निवतो. सोबत पेल्यात पातळ, आंबट दही द्यावे.

सिर्नित्सेसाठी चीज मात्र ताजे, पांढरे आणि किंचित आंबट हवे. त्यात अंडे व आंबट साय मिसळतात. वितळून तार सुटणारे पिझ्झाचे चीज घालू नये, नाहीतर ते गल्ल्यावरचे गृहस्थ त्याला सिर्नित्साही म्हणणार नाहीत.