मदत हवी आहे : कुंड्यांतील बारीक काळी चिलटे
नमस्कार. कोल्हापुरात रंकाळ्याजवळ आमचे घर असून, यंदाच्या पावसाळ्यात खिडकीतल्या कुंड्यांत बारीक काळी चिलटे झाली आहेत; पाणी घालताच ती मातीवरून भुरकन उठतात. माती उकरली तेव्हा काळ्या डोक्याच्या, काचेसारख्या पारदर्शक अळ्या कोवळ्या मुळांशी दिसल्या. पिवळ्या चिकट पट्ट्यांवर फक्त उडणारी चिलटे अडकतात आणि अळ्या मातीतच राहतात, म्हणून वरचा ३ ते ४ सेंटिमीटरचा थर वाळल्याशिवाय मी आता पाणी देत नाही. तरीही आईने लावलेला मनी प्लांट पिवळा पडू लागला आहे, आणि तो मला कसेही करून वाचवायचा आहे. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेल्या मातीत अळ्या मारणाऱ्या बीटीआय (बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस) जिवाणूचे द्रावण किती दिवसांच्या अंतराने द्यावे, आणि निंबोळी पेंड ओली राहून अळ्यांनाच खाद्य तर ठरत नाही ना, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.