शेवग्याच्या पानांचा अर्क यकृत वाचवतो, की विषच अडवतो?

द्रोणागिरी:
शेवग्याच्या पानांना 'आजीचा बटवा' म्हणून उडवून लावणं थांबवा. विस्टर जातीच्या प्रयोगशाळेतल्या उंदरांवरचा नेहमीचा प्रयोग बघा: किलोला २५० किंवा ५०० मिग्रॅ अर्क १४ दिवस तोंडावाटे, शेवटी ऑलिव्ह तेलातलं कार्बन टेट्राक्लोराइड हे यकृताचं विष किलोला १ मिली पोटात टोचायचं, २४ तासांनी यकृत काढायचं. नुसतं विष दिलेल्या गटापेक्षा एमडीए (मेद ऑक्सिडाइझ झाल्याची खूण) कमी, ग्लुटाथायोन आणि कॅटलेज (पेशीचे स्वतःचे अँटिऑक्सिडंट रक्षक) जास्त. हा अँटिऑक्सिडंट परिणाम नाही तर काय?

उंदीरमामा:
घोळ त्या 'आधी १४ दिवस'मध्येच आहे. यकृतातलं सीवायपी२ई१ हे एन्झाइम कार्बन टेट्राक्लोराइडपासून ट्रायक्लोरोमिथिल मूलक (फ्री रॅडिकल) बनवतं आणि तो पेशीपटलातली मेदाम्लं जाळत सुटतो. अर्काने ते एन्झाइमच दाबलं तर मूलक तयारच होणार नाही, एमडीए आपोआप कमी. चोर आलाच नाही, मग रखवालदाराचं कौतुक कसलं? अर्क विषानंतर ६ तासांनी सुरू करणारा एक गट ठेवा, शिवाय हे एन्झाइम ज्यावर काम करतं ते पी-नायट्रोफिनॉल वापरून एन्झाइमची क्रिया मोजा. मग बोलू.

द्रोणागिरी:
निम्मं मान्य. पण विष न देता नुसता अर्क दिलेल्या गटातही ग्लुटाथायोन वाढलं तर? तिथे अडवायला विषच नाही.

उंदीरमामा:
तर एनआरएफ२ या संरक्षक जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनाच्या मार्गाने पेशीची स्वतःची यंत्रणा जागी झाली असेल. पानातल्या क्वेर्सेटिन या अँटिऑक्सिडंटने मूलक थेट टिपला, असं त्यातून सिद्ध होत नाही. अँटिऑक्सिडंट चाचणीतल्या डीपीपीएच या रसायनाचा जांभळा रंग उडतो तो परीक्षानळीत. शरीरात मात्र आतड्या-यकृतातून जाताना क्वेर्सेटिनचं बहुतेक रूप बदलून ग्लुकुरोनाइड-सल्फेट होतं.

हिरवी_बाटली:
भांडा खुशाल, पण आधी आकडे तरी खरे हवेत. यकृत थंड सलाइनने रक्त जाईपर्यंत धुतलं नाही, तर हिमोग्लोबिनमधलं लोह टीबीएसोबत (एमडीए मोजायला रंग आणणारं रसायन) उकळताना नवं ऑक्सिडेशन घडवतं आणि ५३२ नॅनोमीटरवरचं वाचन फुगतं. म्हणून उकळण्याआधी बीएचटी हे ऑक्सिडेशन रोखणारं रसायन घाला. १०% होमोजिनेट (यकृत वाटून केलेलं मिश्रण) बर्फावरच करा. ग्लुटाथायोनसाठी सल्फोसॅलिसिलिक आम्लाने प्रथिनं लगेच पाडा. नमुना टेबलावर राहिला तर ४१२ नॅनोमीटरवर ग्लुटाथायोनचा आकडा पडलेला दिसतो, आणि दोष बिचाऱ्या विषाला.

मापात_पाप:
मात्रा कुणी बघितली? उंदराची मात्रा माणसासाठी काढायला ६.२ने भागतात: ५०० भागिले ६.२, म्हणजे माणसाला किलोला साधारण ८१ मिग्रॅ. ६० किलोच्या माणसाला रोज ४.८ ग्रॅम अर्क. १०० ग्रॅम वाळल्या पानांतून १२ ग्रॅम अर्क धरला, तर ४० ग्रॅम पानं. नुसती पानांची पूड भरलेल्या ५०० मिग्रॅच्या कॅप्सूल घेतल्या तर ८०!

द्रोणागिरी:
२५०चा गट धरा की. ४० होतील.

मापात_पाप:
४० म्हणजे जेवणच झालं.