'निधी मिळाला' की 'हिस्सा विकला'? स्टार्टअपच्या पैशाचे मराठी शब्द

इतवारीकर:
नागपुरातल्या स्टार्टअपवर आणि त्यांच्यात पैसा घालणाऱ्यांवर वर्षभर मराठीत लिहितोय. 'स्टार्टअप'ला पर्याय शोधायचा नाद लवकरच सोडला. 'नवउद्यम' सरकारी कागदावर शोभतो, धरमपेठेतल्या चहाटपरीवर कोणी म्हणत नाही. खरी अडचण क्रियापदाची आहे.

बातमी येते, 'अमुक कंपनीला 2 कोटींचा निधी मिळाला'. मराठीत निधी मिळतो तो रस्त्याला, शाळेला. तो फेडायचा नसतो, बदल्यात काही जात नसतं. इथे मात्र कंपनीचा तुकडा गेलेला असतो. 2 कोटींना 20 टक्के दिले, तर पैसे आल्यावर कंपनीची किंमत 10 कोटी धरली, येण्याआधी 8. वाचणाऱ्याला वाटतं पोराला बक्षीस लागलं!

'पैसे उचलले' म्हणावं तर ती उचल झाली, म्हणजे फेडणं आलं. 'भांडवल उभारलं' बरं आहे, पण काय देऊन उभारलं ते त्यात दिसत नाही. मी आता सरळ 'हिस्सा देऊन 2 कोटी घेतले' लिहितो. संस्थापकांना ते फारसं आवडत नाही, हा भाग वेगळा.

आणि व्हेंचर कॅपिटलला, म्हणजे बुडायची जोखीम घेऊन नव्या कंपनीत हिश्शाच्या बदल्यात घातलेल्या पैशाला, काय म्हणता? उद्यम भांडवल, साहस वित्त, जोखीम भांडवल, की आहे तेच?

वऱ्हाडी:
भाऊ, आपल्याकडे शब्द हायेत न. वावर मक्त्यानं देल्लं त पैसा ठरलेला, पिको का जळो. बटईनं देल्लं त पिकात वाटा, बुडालं त दोघायचं बुडालं. बँकेचं कर्ज म्हणजे मक्ता, अन् हे तुमचं व्हेंचर म्हणजे बटई. काऊन नवा शब्द पाहिजे?

इतवारीकर:
मक्ता-बटईनं कर्ज आणि भागीदारीतला फरक एका वाक्यात कळतो, हे खरं. पण बटईत हंगाम संपला की हिशेब मोकळा. व्हेंचरचा पैसा लावणाऱ्या फंडाची मुदत साधारण 10 वर्षांची, आणि त्याला दरसालच्या पिकात रस नसतो. वाट्याची किंमत वाढली की तो वाटाच विकून निघायचं असतं, दुसऱ्या गुंतवणूकदाराला, मोठ्या कंपनीला किंवा शेअरबाजारात. शिवाय 'दोघांचं बुडालं' हेही पुरतं खरं नाही. कंपनी कमी भावात विकली गेली तर आधी गुंतवणूकदाराची मुद्दल, मग उरलं तर संस्थापकांचं, असं कलम करारात बहुधा असतंच.

शब्दवेडी:
'धोका भांडवल' कुठेतरी वाचलं होतं. ते नागपुरात तरी नको! आपल्या हिंदीमिश्रित कानाला धोका म्हणजे फसवणूकच. 'साहस' हे जुन्या धर्मशास्त्रात बळजबरीच्या गुन्ह्यांचं नाव आहे, आजच्या मराठीत डोंगर चढणाऱ्यांचं. 'जोखीम' मला आवडतो. जुनी माणसं दागिन्यांना, रोकडीलाही जोखीम म्हणत, 'अंगावर जोखीम घेऊन रात्रीचं जाऊ नको'. मोलही त्यात, भीतीही त्यात.

गांधीसागर:
नागपूरचाच दाखला घ्या. जमशेटजी टाटांनी 1874 मध्ये इथल्या गिरणीसाठी 15 लाख भांडवलाची कंपनी काढली आणि 1 जानेवारी 1877 ला एम्प्रेस मिल सुरू झाली. जागा दलदलीची. भराव घालायचं चाललेलं पाहून इथल्या एका सावकारानं पैसे द्यायला नकार दिला, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय म्हणून. पुढे तोच म्हणाला म्हणे, की त्यांनी माती घातली आणि सोनं काढलं. सावकार तारण बघतो. भागधारकांनी दलदलीवर पैसा लावला. 'भागभांडवल' हा शब्द कंपन्यांच्या मराठी कागदांत रुळलेलाच आहे, त्याला नुसतं 'जोखमीचं' जोडा: जोखमीचं भागभांडवल. लांब आहे, पण त्यात कर्जाचा घोळ होत नाही.

इतवारीकर:
पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे हे वापरतो, पुढे नुसतं 'जोखीम भांडवल'. 'एंजल', म्हणजे अगदी सुरुवातीला स्वतःच्या खिशातून पैसा लावणारा, मात्र तसाच ठेवणार. 'देवदूत' मराठी बातमीत अपघातातून वाचवायला येतो, आणि 2012 मध्ये आलेल्या, 2024 च्या अर्थसंकल्पात रद्द झालेल्या एंजल टॅक्सला (वाजवी किमतीहून चढ्या भावानं शेअर देऊन आलेल्या जादा पैशावरचा कर) 'देवदूत कर' म्हणायची माझी हिंमत नाही. 'बर्न'ला 'महिन्याची तूट' पुरतं. 'रनवे'ला सध्या 'शिल्लक किती महिने पुरेल' असं लिहितो. याहून आटोपशीर असेल तर सांगा, पुढच्या लेखात तीनदा येणार आहे.